सीपीयूतली मिरची

माझ्या दुकानाला लागून मिरची कांडपाचं मशीन आहे. ते चालवणारी बाई मला पहिल्यापासून आवडत नाही आणि मी तिला आवडत नाही. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, निधनाची कार्डं करून देतो. ती होळीपासून पाऊस लागेपर्यंत अख्ख्या पेठेची चटणी कांडून देते. लग्नं आणि चटणी दोन्ही उन्हाळ्यातच येतात, त्यामुळे आम्हा दोघांचा हंगाम एकच. तिच्या गिऱ्हाइकांची रांग माझ्या दारावरून जाते आणि मिरचीची पोती माझ्या पायरीवर टेकतात.

त्या वर्षी एप्रिलात माझा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. पत्रिका अर्ध्यावर आली की पडदा काळा. खाली ठेवलेल्या सीपीयूवर हात ठेववत नव्हता. दुकानाला वरून पत्रा, खिडकी एकच, तीही कांडपाच्या बाजूला. मी स्क्रू काढले, सीपीयूचं बाजूचं झाकण उतरवलं आणि समोर टेबल फॅन लावला. पुढचे चार दिवस तो एकदाही बंद पडला नाही. दुरुस्तीवाल्याला न बोलावता आपण काम भागवलं, याचा मला गर्वच वाटला.

पाचव्या दिवशी ती सुट्टे मागायला दारात आली आणि तो उघडा डबा बघून थांबली. झाकण लावा, नाहीतर मशीनची धूळ आत जाईल आणि मग माझ्या नावानं खडे फोडाल, असं तिनं सांगितलं. तिच्या तोंडून शहाणपण ऐकायची माझी तयारी नव्हती.

"वहिनी, तुमची धूळ तुमच्याकडं ठेवा," मी म्हणालो. "माझ्या दुकानात काय उघडं ठेवायचं ते मी बघतो."

"बघा की," ती म्हणाली. "सांगायचं ते मी सांगितलं."

ती बोलली नसती तर दोन दिवसांनी मी झाकण लावलंही असतं. आता लावणं शक्य नव्हतं. आतल्या हिरव्या पाटीवर तांबूस थर बसत चाललेला मला दिसत होता. मी फडक्यानं वरवर झटकायचो आणि परत काम करायचो. घरमालकाकडेही गेलो. कांडप दुसरीकडे हलवा म्हणालो. ती तुझ्या आधीपासून इथं आहे, एवढं बोलून त्यानं दार लावून घेतलं. मग मी टेबल फॅनचं तोंड अर्धं दाराकडे फिरवलं, म्हणजे उडालेली मिरची रांगेतल्या बायकांवर जावी. एकदोघी शिंकत लांब उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

एका दुपारी आतली एक वायर पंख्याला घासून टरटर आवाज यायला लागला. मी कॉम्प्युटर चालूच ठेवून आत हात घातला. पात्यानं बोटाच्या नखाशेजारी काप घेतला. काप लहान होता, पण त्या पात्यावर महिन्याभराची मिरची बसली होती. संध्याकाळपर्यंत बोट पाण्याच्या तांब्यात बुडवून बसलो. शेजारून ती एका गिऱ्हाइकाला मोठ्यानं म्हणाली की काही लोकांस्नी हाताला लागल्याशिवाय अक्कल येत न्हाय. तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

तरीही मी झाकण लावलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गडमुडशिंगीचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका तपासायला बसले होते. निमंत्रकांत कुठला भाऊ आधी घालायचा, यावर ते घोळ घालत होते. तेवढ्यात सीपीयूच्या मागच्या बाजूनं, जिथून वीज आत येते त्या पेटीतून, चटचट आवाज आला आणि धूर निघाला. तो साधा धूर नव्हता, जळक्या मिरचीचा होता. गृहस्थ खोकत बाहेर पळाले. माझे डोळे मिटले ते उघडेनात. मी चाचपडत बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका. मागं व्हा."

ती पदर नाकाला लावून आत आली होती. हातातल्या लाकडी दांड्यानं तिनं दाराजवळचा मेन स्विच खाली पाडला, माझ्या शर्टाला धरून मला बाहेर ओढलं आणि तिच्या घागरीतलं पाणी तोंडावर मारलं. डोळे चोळायचे न्हाईत म्हणाली. सगळी रांग खोकत होती आणि बघत होती.

मला आधी काय सुचलं असेल? "हे तुमच्या मिरचीमुळं झालं," मी म्हणालो.

"व्हय. मिरची माझी," ती म्हणाली. "आणि उघडं ठेवणारे तुम्ही."

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतून दुरुस्तीवाला आला. त्यानं सीपीयू आडवा करून ठोकला, तर वर्तमानपत्रावर तांबड्या पुडीचा ढीग पडला. मूळ दुखणं जुन्या धुळीचंच होतं, आतला पंखा साफ केला असता तर भागलं असतं, असं तो म्हणाला. डबा बंद असला की हवा पुढून येते, तापलेल्या भागांवरून जाते आणि मागून बाहेर पडते. झाकण काढलं की ती वाट मोडते; टेबल फॅननं थोडे दिवस गार वाटतं, पण त्याच वाऱ्यानं कचरा आत जातो. आत हात घालायचा तर आधी पिन काढायची. आणि विजेची ती पेटी पिन काढल्यावरही उघडायची नाही, आत करंट साठून राहतो. मी मान हलवत होतो. तेवढ्यात ती दारात आली.

"पावणं, झाकण काढून चालतंय का न्हाय, एवढंच सांगा."

"न्हाय चालत," तो म्हणाला. मला वाचवायला तो बांधील नव्हता, तरी त्याचा राग आला. संध्याकाळपर्यंत त्याचं वाक्य अख्ख्या पेठेत फिरलं होतं.

विजेची पेटी बदलावी लागली, बाकीचं वाचलं. गडमुडशिंगीच्या गृहस्थांनी पत्रिका दुसरीकडे छापून घेतली. मी झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि सीपीयू पलीकडच्या भिंतीला, टेबलावर उंच ठेवला. आता तो तापत नाही.

आभार मानायला म्हणून मी एकदा तिच्या दारापर्यंत गेलो होतो. मशीन चालू होतं. तिनं मान वर करून काय पायजे म्हणून विचारलं.

"दुपारी दोन ते चार हे बंद ठेवत जा," मी म्हणालो.

"न्हाय ठेवत," ती म्हणाली, आणि मिरच्यांची पुढची पाटी मशीनमध्ये ओतली.