निळवण बेटावरचा फुकटचा बांगडा

फणसाच्या लाकडाची चार मापे. चिंचेच्या दांडीचा एक तराजू. जुन्या घागरीच्या पत्र्यातून कापलेली, कानशीने कडा घासलेली तांब्याची नाणी, पिशवीभर. भरल्यावर कलंडणार नाही अशी वीतभर होडी. आणि मिठागराचा एक नमुना, ज्याची पाण्याची दारे खरोखर उघडतात. श्री. रामनाथ शेटकर सरांच्या निळवण बेटासाठी एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातांनी बनवल्या. हे काम मला कुणी शिकवलेले नाही. यांतली एकही वस्तू शोभेची नाही, कारण सरांनी शोभेची वस्तू कधी मागितलीच नाही.

निळवण कुठल्याही नकाशात सापडणार नाही. ते सरांच्या सात कादंबऱ्यांत आहे. सर्वणला राहून, साखळीच्या शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांनी ते वसवले. तिथे कोण काय खातो, ते कुठून येते, आणि होडी आली नाही तर कुणाची चूल आधी विझते, हे सरांना पक्के ठाऊक असते. गेल्या वर्षी हे बेट एका कंपनीने मागितले आणि सरांनी नकार दिला. आपल्याच मंडळींत काहीजण म्हणाले, सरांनी हातचे घालवले. तो नकार दिला गेला तेव्हा मी तिथे बसलो होतो. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मला लिहायचे आहे ते त्याविषयी. पण सुरुवात ओळखीपासून करतो.

हरमलला माझे छोटे वर्कशॉप आहे. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांना, टेबले, बाके, पाट्या करून देतो. एके सकाळी पांढऱ्या शर्टातले, काखेत छत्री धरलेले गृहस्थ आत आले.

"दोन मापं हवीत. बाहेरून जुळी, आतून एक लहान."

"कुणाला फसवायचंय?" मी विचारले.

"मिठाळे गावाला."

"हे कुठे आलं?"

"अजून यायचंय."

माझ्या हातात रंधा होता. मी म्हणालो, "आमच्याकडे लबाडीचं काम होत नाही. बस समोरच थांबते."

सर एवढे हसले की त्यांना बाकावर बसावे लागले. मग त्यांनी सांगितले की मिठाळे हे त्यांच्या नव्या कादंबरीतले मिठागरांचे गाव, आणि तिथला व्यापारी खोटे माप वापरतो. तळ किती जाड केला म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताला संशय येतो, हे त्यांना लिहिण्याआधी हाताने पाहायचे होते. माझे पहिले माप त्यांनी नापास केले, दुसरेही. तिसऱ्यात तांदूळ ओतून, उचलून, पुन्हा ओतून म्हणाले, "हा चोर सहज सापडायचा नाही. शाबास, बाब." त्या दिवसापासून मी सरांचा झालो.

सरांना हा ध्यास कुठून लागला, ते त्यांनी मला एकदा साखळीहून सर्वणला परतताना सांगितले. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा रस्त्याकडेचे एकेक दुकान मिटताना त्यांनी पाहिले होते. पहिल्यांदा मिटला तो ड्रायव्हरांना सकाळी भाजी-पाव देणारा गाडा. मग टायरवाला, मग गॅरेज, आणि शेवटी पोरांच्या शिकवण्या. "राजा मेला की गोष्टीत सगळे रडतात," सर म्हणाले, "पण भाजीवाल्याचं काय झालं, हे कुणी लिहीत नाही."

म्हणून सर आधी माझ्या मापा-नाण्यांनी निळवणचा खोटा बाजार भरवीत आणि मग प्रकरण लिहीत. दर रविवारी, सर्वणच्या घरच्या सोप्यावर. ते रविवार आठवले की आजही माझ्या नाकात सरांच्या पत्नी सुमनकाकींच्या चहाचा वास येतो. माझ्याकडे नावाड्याचे काम. खाणीवरचा ट्रक सुटलेला कुडाळकडचा पांडुरंग मिठागरवाला. काकी मासळीवाली. सर पाऊस पाडीत, भाव पाडीत, आणि आम्ही जगतो की मरतो ते पाहत.

पाचव्या कादंबरीत मिठाळे गाव ओस पडायचे होते. सरांनी मिठाचा भाव पाडला. पांडुरंगाची नाणी संपली. तो ओरडला, "सर, माज्या मिठाक गिराईक नाय! आता मी काय मीठच खाव?"

काकींनी आपल्या टोपलीतला पुठ्ठ्याचा बांगडा उचलून त्याच्यापुढे टाकला. "घे रे पांडुरंगा. उपाशी कित्याक रवता?"

"अगो, असं फुकट दिलंस तर गाव मरणार कसं?" सर वैतागले.

"मरू नये म्हणूनच दिला."

असला घोटाळा आमच्याच सोप्यावर व्हायचा. सरांनी त्या दिवशी बाजार मोडला. पुढच्या रविवारी मात्र आम्ही बसायच्या आत म्हणाले, "गणित माझंच चुकलं होतं. मी गावात शेजार धरलाच नव्हता." ती मासळीवाली कादंबरीत गेली, आणि मिठाळे तगले.

शेजार सरांनी स्वतःही धरला. माझी आई म्हापशाच्या इस्पितळात होती तेव्हा मी रविवारी जाईनासा झालो. एक दिवस सर दोन बसगाड्या बदलून तिथे हजर. हातात पाववाल्या पदेराकडचे गरम उंडे. "नावाडी नाही तर बाजार कसला? बंद ठेवलाय," म्हणाले. आईने विचारले, हे कोण? सर म्हणाले, "तुमच्या मुलाच्या होडीतून माझी माणसं ये-जा करतात." आई बरी झाली, आणि आजही गावाला सांगते की माझी फेरीबोट चालते.

आता कंपनीचे. दोन तरुण आले, नम्र आणि हुशार. सातही पुस्तके वाचून आले होते. त्यांना मोबाइलवरचा खेळ करायचा होता. सरांचे पेन्शन बेताचे, काकींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया लांबलेली. पैसे नको होते असे मुळीच नाही.

"मिठाळ्यात माणूस उपाशी पडतो, तोच आमचा क्षण," त्यांतला एक म्हणाला. "तिथं खेळणारा खरे पैसे भरून जेवण घेईल. फक्त तो बांगडा काढावा लागेल. शेजारीण फुकट देत असली तर विकत कोण घेणार?"

पांडुरंग पुटपुटला, "मेल्यांनू, भुकेवर टोल लावतास?"

सर बराच वेळ बोटांनी हिशोब करीत राहिले. मग म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे." आणि काकींकडे वळले. "बांगडा तुझा. गुडघेही तुझे. तू सांग."

काकी चहाचे कप गोळा करीत होत्या. "दिलेलं परत कसं घेऊ?" म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या.

"ऐकलंत ना," सर पाहुण्यांना म्हणाले. "नाही जमणार."

हल्ली पांडुरंग गावी परतला आहे आणि रविवार रिकामे जातात. आठवी कादंबरी अजून लिहायची आहे. सरांना ती लिहून पुरी करण्याइतके, आणि त्यानंतरही आमच्याशी हुज्जत घालण्याइतके निरोगी आयुष्य लाभो. सरकारी इस्पितळाच्या यादीत काकींचा नंबर लवकर लागो.

जे म्हणतात सरांनी हातचे घालवले, त्यांना निदान आकडा नेमका ठाऊक असावा. कंपनी चाळीस लाख रुपये देत होती. अट एकच होती, बांगडा काढायचा.