दगडावरचं अळू

कट्टा गावाच्या अलीकडे, काजूच्या उतारावर परशुरामाचं घर. सुरण म्हणा, हळद म्हणा, त्यानं लावलेलं फुकट गेलं असं वाडीत कुणी सांगणार नाही. बायको, तुळसा, चिडवायची, "तुमी दगडाक पाणी घातल्यात तरी कोंब येतलो!"

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं बंद झालं. माजघरातल्या अंधुक उजेडात तिची खाट. नात संचितानं पुण्याला नोकरीवर जाताना आपली माशांची काचपेटी खाटेसमोर ठेवली. पावसात वीज गेली ती चार दिवस आलीच नाही, पेटीचा हवेचा पंप बंद पडून मासे मेले. उरलं एक झाड. काळ्या दगडाला दोऱ्यानं बांधलेलं, गर्द पानांचं. आल्यासारखं जाड मूळ उघडंच. "ह्येका उजेड नको, खत नको. मराचा नाय ता," असं संचिता सांगून गेली होती.

एका सकाळी तुळसा त्या पानांकडे बघत राहिली. ओठ हलले.

"अळू."

परशुराम खाली जमिनीवरच बसला. "होय गो, अळूच! आनी बोल. व्हयी तर माका शिवी दी!"

पुढे शब्द आला नाही. पण ती रोज बघायची, आणि तो वाट बघायचा.

ते उघडं मूळ मात्र त्याला बघवेना. शेजारच्या गुरुदासानंही टोकलं, "अरे, बांधून खंय झाड वाढता? गोरू आसा काय ता?" परशुरामानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, दोरा कापला, मूळ तळाच्या रेतीत पुरलं आणि अळू लावतात तसं अंगठ्यानं दाबलं. बरं वाटलं त्याला.

काही दिवसांत पानं देठाशी सुटायला लागली. त्यानं पुण्याला फोन लावला. संचिताला सगळं सांगितलं.

"आजोबा, मूळ पुरलात? ता उघडाच होया. पुरल्यार कुसता."

"मगे आता?"

"काडून बगा. घट्ट तुकडो गावलो तर परत बांधा."

बोटांत काळा लगदा आला. घट्ट काही नव्हतं.

मग त्यानं परसातलं कोवळं अळू उपटलं, त्याच दगडाला बांधलं, पेटीत बुडवलं. "तुळशे, बग गो. अळू."

तुळसेनं बघितलं. आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

ते अळूही सडलं. गुरुदास म्हणतो, पेटी उपसून टाक, वास येता. परशुराम टाकत नाही. यंदा सुरणाचं बेणं माळ्यावरच कोंब फुटून सुकलं. मातीत अंगठा दाबायचं त्याला भय वाटतं.