पखवाजाची कणीक

आमच्या घरी कणीक दोनदा मळली जाते. एकदा पोळ्यांची, तेल-मीठ घालून. दुसऱ्यांदा पखवाजाची, नुसत्या पाण्यात. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय त्याचा आवाज घुमत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. लेकीने पखवाज धरला तेव्हा मी कुरकुर केली होती, गहू काय फुकट येतो का म्हणून. मग हाताला सवय झाली. खरवडलेला गोळा गल्लीतल्या गाईला जातो, आणि ती गाय भजनी मंडळातल्या कुणाहीपेक्षा वेळेवर हजर असते.

लेक शिकली ती धायरीतल्या देवळात, या मंडळात बसून. ठरलेले वादक आले नाहीत की हिला बसवायचे. ते उशिराने उगवले की म्हणायचे, "पोरी, जरा सरक." ती सरकायची. बारावीची परीक्षा झाल्यावर मात्र मला म्हणाली, "आई, मला आता नीट शिकायचंय. सारखं सरकून कंटाळा आला."

शनिवार पेठेतल्या एका संगीत विद्यालयात पखवाज शिकवणारे गुरुजी आहेत, पण ते मोजकेच विद्यार्थी घेतात, असं कळलं. मी फोन केला. म्हणाले, "घेऊन या, विद्यालय बघा, मीही तिला बघतो. घेईनच असं नाही. मुली हौसेने येतात आणि वर्षात सोडतात." उत्तर माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. अडला हरी, दुसरं काय. लेकीला यातलं निम्मंच सांगितलं. तिला दुसरीकडे कुठे शिकायचंच नव्हतं.

सकाळच्या बसमध्ये आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. पखवाज आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा. कंडक्टरने त्या गवसणीकडे बघून विचारलं, "यांचं तिकीट?" लेक हसली नाही. सिंहगड रस्ताभर तिची बोटं गवसणीवर चालू होती.

विद्यालय जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. स्वच्छ खोली, सतरंजी, भिंतीशी ओळीने ठेवलेले तबले. गुरुजी वयस्कर, ताठ बसलेले. समोर चार मुलगे आपापले पखवाज घेऊन. लेकीने नमस्कार केला, गवसणी काढली, पिशवीतून स्टीलचा डबा काढून उघडला. आत भेंडीची भाजी आणि तीन पोळ्या.

आमच्याकडे एकाच सेटमधले दोन डबे आहेत. एक हे ऑफिसला नेतात. म्हणजे कर्वेनगरला यांच्या टेबलाखाली या क्षणी पखवाजाची कणीक होती.

मुलगे खाली बघून हसले. त्यांची कणीक त्यांनी आधीच लावून टाकली होती. गुरुजी म्हणाले, "राहू दे. तबला येतो ना? तबल्यावर दाखव." मला वाटलं, सुटलो. तबला तिला चांगला येतो. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

लेक म्हणाली, "तबला येतो, गुरुजी. पण मला शिकायचा आहे पखवाज. थोडा वेळ दिलात तर कणीक घेऊन येते."

"कुठून?"

"खाली पोळी-भाजी केंद्र दिसलं येताना."

मी उठले तर गुरुजी म्हणाले, "आपण बसा. वाजवायचं तिला आहे." मी बसले खरी, पण गॅलरीच्या दाराशी, म्हणजे समोरचं केंद्र दिसेल अशी. पोळ्या न्यायला आलेल्यांची रांग होती, लेक रांगेतच उभी राहिली. तिथलं संभाषण मला तिने नंतर सांगितलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इथे पोळ्या मिळतात, कणीक मिळत नाही. हिने पखवाजाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, मळलेली आहे ती तेल-मिठाची. ही म्हणाली, मग नुसतं पीठ द्या, मी मळते. मागच्या गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावला. वरून मला एवढंच दिसलं, की माझी लेक पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या शेजारी उभी राहून मूठभर पीठ मळते आहे आणि कुणाकडेही बघत नाही.

ती वाटीत गोळा घेऊन वर आली. गोळा थापला, थाप मारून ऐकलं, चिमूटभर काढला, पुन्हा ऐकलं, पुन्हा जरासा काढला. घाई नाही. मग चौताल धरला. गुरुजी हाताने ताल देत होते. मला संगीतातलं फार कळत नाही, पण तिचा पहिला घुमलेला "धा" माझ्या पायाखालच्या सतरंजीतून वर आला. मुलगे हसायचे थांबले. मला रडू येत होतं आणि ते मी अजिबात लपवलं नाही. ही माझी लेक आहे, असं त्या खोलीत ओरडून सांगावंसं वाटत होतं.

वाजवून झाल्यावर तिने कणीक खरवडली आणि गाईसाठी कागदात बांधली. गुरुजी ते बघत होते. छान म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. म्हणाले, "दर सोमवारी सकाळी यायचं. आणि कणीक घरून आणायची. शेजारच्या पिठावर मी शिकवत नाही."

लेक त्यांच्या पाया पडली. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "ही सोडणार नाही." फोनवरचं ते वाक्य त्यांच्याही लक्षात होतं तर.

जिन्यातच यांचा फोन आला. "अगं, डब्यात कच्चा गोळा आहे. आज काही व्रत-बित आहे का?"

म्हटलं, "अहो, तुमच्या लेकीला घेतलं."

 म्हणाले, "मग आज उपाशी चालेल मला."

वाटी धुऊन द्यायला आम्ही केंद्रात गेलो. बाई सुटे पैसे देत होत्या, मान वर न करता त्यांनी विचारलं, "मघाशी वर तू वाजवत होतीस?"

"हो."

"आमच्या बायकांची लाटणी थांबली. गिऱ्हाइकं खोळंबली."

लेकीने सॉरी म्हटलं. बाईंनी वाटी उलटी करून बघितली, फळीवर ठेवली.

"परत कधी आहे?"

"आता दर सोमवारी," लेक म्हणाली. आणि बाईंनी आत वळून लाटणाऱ्या बायकांना ते मोठ्याने सांगितलं.