एकसष्ट टक्के

"ते पान फाडून टाक, म्हंजे इषय संपला," किसनराव म्हणाले. सकाळपासून हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

"पान न्हाई बाबा, अख्खं प्रकरण हाय. अकरावं. सतरा पानांचं," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज जराही चढलेला नव्हता आणि किसनरावांना नेमका त्याचाच राग येत होता. माणसानं भांडायचं तर नीट भांडावं.

"मग सतरा फाड."

"मग बारावं प्रकरण कशावर उभं ऱ्हाईल?"

पार्वतीबाई भाकरी थापत होत्या. बापलेकीचा वाद चहाच्या वेळी सुरू झाला होता आणि आता दुसरी भाकरी तव्यावर पडली तरी तो होता तिथंच होता. त्यांनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी डोंगरकडा गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात किसनराव चहा पीत बसले असताना शेजारच्या बाकड्यावरून मुन्ना टेंपोवाल्यानं विचारलं, "किसनभाऊ, तुमच्या पोरीच्या कादंबरीत भावानं बहिणीचा निकाल दडवला म्हणं. आमची आरोही दोन दिवस झाले त्या भावाला शिव्या घालून राहिली. कोण हाय तो?" चारजण हसले. किसनरावांनी चहा अर्धा ठेवला आणि घरी आले. रात्री जेवून झोपले. सकाळी उठल्यावर मात्र सुरू झाले.

लेक कादंबरी लिहिते याचं त्यांना एरवी काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. सृष्टी तेवीस वर्षांची, कळमनुरीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. दुपारी ओसरीवर पाचवी ते आठवीच्या पोरांची शिकवणी घ्यायची. पहाटे पाच ते सात ती मागच्या खोलीत, हळदीच्या पोत्यांना पाठ लावून, मांडीवर रजिस्टर घेऊन लिहीत बसायची. खोलीत शिरणाऱ्याला तिच्या अंगाला हळदीचा वास यायचा. भागवत, तिचा थोरला भाऊ, म्हणायचा की आमच्या घरी नवरी बारा महिने हळदीला बसलेली असते.

तिला लिहायचं होतं ते मोठ्यांसाठी नव्हे आणि लहानांसाठीही नव्हे. मधल्यांसाठी. कळमनुरीच्या वाचनालयात ती सहावीपासून जात होती. तिथं एका कपाटात राजा-राणी आणि ससे-कोल्हे, आणि शेजारच्या कपाटात थेट नवरा-बायकोची भांडणं. तेरा ते सोळा वर्षांच्या पोरीनं मधल्या भिंतीला टेकून उभं राहावं, अशी ती सोय होती. सृष्टी स्वतः तशी बरीच वर्षं उभी राहिली होती. त्या भिंतीच्या जागी एक फळी ठोकायची, हे तिनं बी. ए.च्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यावर ते जमेल की नाही याचा विचार करण्यात तिनं वेळ घालवला नव्हता.

बाकी वेळ ती जमवाजमव करायची. घरात येणाऱ्या लग्नपत्रिका खिळ्याला टोचलेल्या असत. पात्रांची नावं ती त्यातून घ्यायची आणि टिपणं त्यांच्याच कोऱ्या पाठीवर लिहायची. हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका ती मोबाइलवर आरोहीला शेजारी घेऊन बघायची. आरोही नायकाच्या केसांकडं बघे, सृष्टी भाग कुठं तोडला ते बघे. संध्याकाळी सातच्या मराठी मालिकेला आईबरोबर बसायची. पार्वतीबाई भाजी निवडता निवडता पुढचं अचूक सांगायच्या, "आता ते दवाखान्यात जाईन, आन् तिले काहीच आठवनार न्हाई." आईला जे ओळखता येतं ते आपल्या कादंबरीत येऊ द्यायचं नाही, हा सृष्टीचा पहिला नियम त्यातूनच निघाला.

दुसरा नियम भुलाबाईच्या सणानं दिला. भुलाबाई ही खरं तर पार्वतीबाईंच्या माहेरची, वाशीमकडची. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या ती बरोबर घेऊन आल्या आणि त्यांच्या अंगणापुरती तरी ती डोंगरकड्यात रुजली. भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमत. मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर गाणी म्हणत. मग पार्वतीबाई बंद डबा हलवून दाखवत आणि आत खाऊ कोणता ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर घर जिंकलं.

सृष्टीनं यंदा डब्यामागोमाग कादंबरी लावून दिली. रोज एक प्रकरण वाचायचं आणि अडचणीच्या जागी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पोरींनी पुढचं ओळखायचं. कोणी ओळखलं तर तिला खाऊची पहिली मूठ. दहापैकी चारजणींनी ओळखलं, तर सृष्टी ते प्रकरण बाजूला ठेवायची आणि पहाटे नव्यानं लिहायची. असं तिनं सात प्रकरणांचं केलं होतं. पोरींना वाटे आपण खेळतोय.

कादंबरी रेवा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीची होती. गाडीच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारी, पुढं जाऊन स्वतःचं गॅरेज काढायची स्वप्नं बघणारी. तिला एक स्थळ सांगून आलेलं होतं. दहाव्या प्रकरणाच्या शेवटी तिचा भाऊ खेमा तालुक्याहून तिचा दहावीचा निकाल घेऊन येतो आणि सायकल भिंतीला लावतो, इथं सृष्टी थांबली होती. तिच्या रजिस्टरमध्ये रेवा गणितात चार मार्कांनी नापास होती.

दुसऱ्या दिवशी कोणी पास म्हणालं, कोणी नापास. आरोही वेणीचं टोक चावत सगळ्यात शेवटी म्हणाली, "ती पास हाय. पन भाऊ नापास सांगतो. तिचं लगन करायचं हाय ना त्यांना."

बंद डब्यात काय आहे ते डबा भरणारणीलाच ठाऊक नव्हतं, असं सृष्टीला वाटलं. आज प्रकरण नाही, असं तिनं जाहीर केलं आणि दोन पहाटा बसून अकरावं प्रकरण नव्यानं लिहिलं. ते वाचलं त्या संध्याकाळी पोरी डब्यातला फुटाण्यांचा खाऊ विसरून खेमावर तुटून पडल्या.

द्वारकाआत्या रोज तिथंच भिंतीला टेकून वाती वळत बसलेली असे. किसनरावांची ही पाठची बहीण, सेनगावकडच्या साखऱ्याला दिलेली. दरवर्षी महालक्ष्म्यांना येई आणि कोजागिरीचं दूध पिऊन जाई, भाऊबीजेला पुन्हा येई. तीही रोज कादंबरी ऐके, पण ओळखण्याच्या खेळात भाग घेत नसे. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं, "किती टक्के पडले म्हणलीस तिला?"

"पंचेचाळीस."

"हं," आत्या म्हणाली आणि पुढची वात घेतली.

पुण्याच्या एका प्रकाशनानं कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या मागवल्या होत्या. महिनाअखेरची मुदत होती. आधीची दहा प्रकरणं कळमनुरीत टाइप होऊन पडली होती. अकरावं आणि शेवटचं बारावं तेवढी राहिली होती. आणि आता नेमकं अकरावंच बाबा फाडायला सांगत होते.

"गोष्ट हाय ती, बाबा," सृष्टी म्हणाली. "खेमा म्हंजे कुणीच न्हाई. पत्रिकेतलं नाव हाय. आन् निकालाचं मला तर सुचलं बी नव्हतं. आरोहीनं ओळखलं."

"तेरा वर्साच्या पोरीला कसं म्हाईत असंल? तिचा बाप तवा शाळेत बी नव्हता." किसनरावांनी पाण्याचा तांब्या खाली आदळला. "मला शिकवू नको. तुला हे द्वारकानं सांगितलं."

बोलले आणि थांबले. आपण काय बोलून बसलो हे किसनरावांना कळलं आणि सृष्टीलाही कळलं, पण आधी पार्वतीबाईंना कळलं, कारण तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही.

द्वारकाआत्या ओसरीवरून आत आली. तिच्या ओच्यात अजून कापूस होता.

"मी न्हाई सांगितलं, दादा," ती म्हणाली. "मी कुणालाच न्हाई सांगितलं."

"म्हंजे... तुला खरंच म्हाईत व्हतं?"

ती तिथंच जुन्या खुर्चीत बसली आणि कोणाच्या घरातली तरी हकिकत सांगावी तशी तिनं सांगितली. शाळा कळमनुरीची, मामाकडं राहून केलेली. निकाल आणायला दादा सायकलवर गेला आणि नापास म्हणून सांगत आला. जेठात लग्न झालं. चार वर्षांनी कळमनुरीच्या बाजारात तिच्या गणिताच्या बाई भेटल्या आणि गुणपत्रिका न्यायला का आली नाहीस म्हणून रागावल्या. कडेवर थोरला, पोटात धाकटा, तशीच ती शाळेत गेली आणि सही करून कागद घेऊन आली. तो अजून साखऱ्याला पेटीत, शालूच्या खाली होता.

किसनराव खाली बघत होते. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी सांगितलं तसं केलं. साखऱ्याचा मुलगा दहावी नापास. नवरा नापास आणि नवरी पास म्हटल्यावर ते लोक सोयरीक मोडतील, असं वडिलांना वाटलं. चांगली बारा एकर जमीन होती.

"तुमचे दाजी," आत्या सृष्टीकडं नाही, भावाकडंच बघून म्हणाली, "विश्वंभरराव. त्यांना मी त्याच राती कागद दाखवला. भीत भीत. ते म्हणले, बरं झालं, आता सोसायटीचे कागद तू वाचत जा, मला तकलीफ व्हती. तवापासून मीच वाचून राहिले."

पार्वतीबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी पदराआड ढकललं. किसनरावांना मात्र हे सगळ्यात जास्त लागलं. सोयरीक मोडणार नव्हतीच.

"मग मला काहून बोलली न्हाईस?" त्यांनी विचारलं. "एवढी वर्सं. भाऊबीजेला येत व्हतीस, ववाळत व्हतीस."

"मला माहेर पायजे व्हतं, दादा."

पार्वतीबाईंनी करपलेली भाकरी गाईसाठी बाजूला काढली.

सृष्टीच्या हातात रजिस्टर होतं. बाबांशी भांडताना ते प्रकरण तिचं होतं, एका शब्दाला कोणी हात लावायचा नाही इतकं तिचं. आता ते तसं राहिलं नव्हतं. सात प्रकरणं तिनं पोरींच्या एका अंदाजावर टाकून दिली होती, हे आठवं द्यायला लागलं तर ते आत्यासाठी द्यावं लागणार होतं, आणि मग उरलेल्या कादंबरीला कणा राहणार नव्हता. हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी ती उठली आणि रजिस्टर आत्यापुढं धरलं.

"फाडू का, आत्या? तू सांग. बाबांचं सोड."

आत्यानं रजिस्टर घेतलं. कापूस बाजूला ठेवून, बोट लावून, तिनं एक पान वाचलं, मग दुसरं. पान उलटताना ती बोटाला थुंकी लावत नव्हती, रोज कागद वाचणाऱ्यासारखी उलटत होती, हे सृष्टीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"फाडायचं काहून?" ती म्हणाली. "बराबर लिवलंस. पन पंचेचाळीस कुठून आणले? मला एकसष्ट व्हते. गणितात तर सत्तर. पोरगी पास दावायची तर तिला नीट पास दाव. भावानं दडवायचं म्हणल्यावर दडवण्याजोगं तरी पायजे का न्हाई?"

किसनराव उठले, दारापर्यंत गेले आणि चपलेत पाय घालून तिथंच उभे राहिले. बागेत केळीची गाडी भरायला आलेली होती, भागवत दोनदा फोन करून मोकळा झाला होता.

"त्यात आपलं आडनाव न्हाई ना?"

"न्हाई, बाबा."

"गावाचं?"

"न्हाई."

तरी ते गेले नाहीत. दाराच्या चौकटीवरून हात फिरवत राहिले.

"तो खेमा," त्यांनी शेवटी विचारलं, "पुढं बहिणीसंगं बोलतो का?"

"ते ओळखायचं असतं, बाबा," सृष्टी म्हणाली. "संध्याकाळी अंगणात या. ओळखलं तर पहिली मूठ तुमची."

आत्यानं मान खाली घालून वात वळायला घेतली होती. किसनराव तिच्याकडं बघत अंगणात उतरले.

सृष्टीनं पेन काढलं, पंचेचाळीसवर काट मारली आणि वर एकसष्ट लिहिलं. गणितात सत्तर हे समासात लिहिलं, पुढं कुठंतरी कामाला येईल म्हणून. मग रजिस्टर मिटलं आणि अंगणातल्या बापालाही ऐकू जाईल अशा, पण रोजच्याच आवाजात तिनं सांगितलं, "अकरावं प्रकरण ऱ्हाईल. उद्या नऊच्या गाडीनं मी कळमनुरीला जाणार. टायपिंग करून, पाकीट पुण्याला टाकूनच येईन. दुपारची शिकवणी उद्या न्हाई."