गोलकीपर बदलायचा नियम

माझ्या भावाचं नाव यादीत मी टाईप केलं आणि मीच ते काढायचं पत्रही टाईप केलं. दोन्ही वेळा कार्बन लावून, चार प्रतींत. दुसऱ्या वेळी हात थरथरले का, असं कुणी विचारलं तर नाही थरथरले. त्या दिवसांत मला कशाचंच काही होत नव्हतं.

आदल्या वर्षी बाबा गेले होते. कावीळ. पंधरा दिवस पडून राहिले, डोळे जरा पांढरे दिसले तसे उठून मिलमध्ये हजर झाले. डॉक्टर सांगत होता, अजून महिनाभर हलू नका. बाबा म्हणाले, मी काय बाळंतीण आहे? आठवड्यात पुन्हा आडवे झाले ते संपलेच. रडणं वगैरे सगळं आईने केलं, भावाने केलं. मी दहाव्याला किती माणसं येतील, पानं किती लागतील ते बघत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरगी दगड आहे. असेन. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

आम्ही विक्रोळीच्या चाळीत राहायचो आणि दोघंही मरोळच्या एकाच कंपनीत कामाला होतो. पंपाचे सुटे भाग बनवायची कंपनी. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तो खाली लेथ मशीनवर. मी वर ऑफिसात टायपिस्ट. कंपनीची फुटबॉलची टीम होती आणि आमचे मॅनेजर साहेब त्या टीमपायी वेडे झालेले. कारखान्यात माल उशिरा गेला तर एक वेळ चालायचं, पण प्रॅक्टिसला कुणी दांडी मारली की साहेबांचा पारा चढायचा. भाऊ टीमचा गोलकीपर. साध्या जिन्यावर ठेचकाळणारा हा माणूस गोलमध्ये उभा राहिला की वेगळाच दिसायचा, हे मला कबूल करायला हवं. दुसरा गोलकीपर त्याचा जिवलग दोस्त, आमच्याच चाळीतला, दोन खोल्या सोडून. एकाच ताटात जेवून वाढलेले दोघं. दोस्त सहा वर्षं बाकावर बसून होता आणि कधी कुरकुरला नाही.

त्या वर्षी टीम लीगमध्ये वर आली आणि अंधेरीला व्हायच्या एका मोठ्या स्पर्धेत आम्हाला जागा मिळाली. स्पर्धेत परदेशातला एक क्लब येणार होता, आणि पहिलीच मॅच आमची त्यांच्याशी लागली. कारखान्यात नुसता धुमाकूळ. भाऊ घरी येऊन आईला सांगायचा, "आई, इमानात बसून येतायत ते माझ्याशी खेळायला!" आई म्हणायची, "येवंदेत. तू आधी जेव."

खेळणं राहिलं बाजूला, कागदच कागद. बॉलला लाथ मारायला एवढं टायपिंग लागतं हे मला तेव्हा कळलं. नियमांची पुस्तिका आली होती, तिच्या प्रती साहेबांनी मला स्टेन्सिल कापून सगळ्या खेळाडूंसाठी काढायला सांगितल्या. वीस नावं, त्यात दोन गोलकीपर. प्रत्येकाचा फोटो, जन्मतारखेचा दाखला, आधीच्या क्लबचं ना हरकत पत्र. दोन क्लबांच्या फॉर्मवर सही सापडली तर माणूस दोन्हीकडून बाद.

आणि सही सापडलीच! आमच्या एका फॉरवर्डने कांदिवलीला गावच्या मंडळाच्या टीमचा फॉर्म भरलेला होता. का, तर रविवारी गेला होता, समोर चहा आला, कागद आला, गाववाल्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून केली सही. मंडळाचे अध्यक्ष पत्र द्यायला तयार होईनात. हा पूजेला आला नव्हता म्हणून रुसलेले. शेवटी साहेब स्वतः नारळ घेऊन कांदिवलीला गेले, मांडी घालून प्रसाद खाल्ला आणि पत्र घेऊन आले. मी ते यादीला जोडलं. स्पर्धेच्या पाच आठवडे आधी यादी गेली. यादी गेली की संपलं, एकही नाव बदलता येणार नाही.

अपवाद एकच होता. गोलकीपर आजारी पडला किंवा जायबंदी झाला, तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून दुसरं नाव देता येईल. पहिल्या मॅचच्या आठ दिवस आधीपर्यंत. आणि एकदा काढलेलं नाव त्या स्पर्धेत परत घेता येणार नाही. हे मी स्टेन्सिलवर टाईप केलेलं आहे, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

यादी गेल्यावर चौथ्या दिवशी भावाने जेवणाचं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे. आईने त्याचे डोळे पाहिले. मग तिचं सगळं सुरू झालं. तेल बंद, हळद बंद, उसाचा रस, भांडुपला कुणी झाडपाला देतो त्याच्याकडे दोन फेऱ्या. डॉक्टरने सांगितलं, सहा आठवडे सक्त विश्रांती. भावाने बोटांवर हिशेब केला आणि मला म्हणाला, "ताई, चार आठवडे. चार आठवड्यांत मी फिट. डॉक्टर लोक वाढवूनच सांगतात." बाबांचाच आवाज. मी त्याची पेज गार करत बसले.

साहेबांना मी सांगून पाहिलं. म्हटलं, त्याचं नाव बदला, नियम आहे तसा. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरू नका. नाव राहू दे. तो उभा राहू शकला तर मी त्यालाच उभा करणार. त्याच्याशिवाय आपले पाच गोल होतील." म्हणजे तिकडूनही आशा नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले, तर आई नळावर आणि हा गादी जमिनीवर ओढून तिच्यावर झेपा घेतोय! दोस्त भिंतीशी उभा राहून त्याला बॉल फेकून देतोय. भावाच्या अंगावर बनियन चिकटलेलं, डोळ्यांच्या कडा अजून पिवळ्या. मी दोस्तावर ओरडले, "तुला अक्कल आहे का रे? मारायचाय का त्याला?" तो गोरामोरा झाला. म्हणाला, "ताई, मी नाही टाकले तर तो भिंतीवर मारून घेतो गं. निदान मी हळू टाकतो." भाऊ हसत होता. धापा टाकत हसत होता. नाव यादीत आहे तोवर हा जाणार, एवढं मला त्या क्षणी दिसलं. बाकी काही वाटलं नाही. राग त्या ओरडण्यातच संपून गेला होता.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. दिवसभरात टाईप झालेली पत्रं मी एका जाड फाईलमध्ये घालायची आणि सुटायच्या आधी साहेबांपुढे ठेवायची. साहेब फोनवर बोलत बोलत सह्या करायचे. पान उलटायचं, सही. पान उलटायचं, सही. वाचायचे फक्त बँकेची पत्रं. भावाच्या रजेसाठी दिलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट तर माझ्याच कपाटात होतं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाईप केलं. आमचा गोलकीपर आजारी असल्याने त्याच्या जागी पुढील नाव घ्यावे. पुढचं नाव म्हणून स्टोअर्समधला एक उंच माणूस टाकला, कधीमधी प्रॅक्टिसला यायचा तो. म्हणजे आता खेळणार दोस्त, आणि बाकावर हा उंच माणूस. पत्र फाईलमध्ये मधोमध घातलं. साहेब फोनवर कुणाला तरी झापत होते. त्यांनी सही केली. मी सर्टिफिकेट जोडलं, ऑफिसच्या फाईलमधला त्या उंच माणसाचा फोटो आणि दाखला जोडला, पाकीट बंद केलं आणि शिपायाबरोबर स्पर्धेच्या कार्यालयात पाठवून दिलं. मुदतीचा शेवटचा दिवस होता. घरी जाऊन जेवले, झोपही लागली.

मॅचच्या तीन दिवस आधी भावाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. डॉक्टरनेच दोनदा पाहिलं. भावाने विचारलं, "खेळू?" डॉक्टर चष्मा काढून म्हणाला, "मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर. दमलास की बाहेर ये, पण खेळ." आईने तिथेच दवाखान्यात हात जोडले. भावाने मला मिठी मारली, भर दवाखान्यात, लहानपणीही त्याने कधी मारली नव्हती. आणि मी उभी. नुसती उभी.

तिथून मी तडक स्पर्धेच्या कार्यालयात गेले. भावाला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. टेबलामागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, चूक झाली, ते पत्र परत द्या, हा बघा रिपोर्ट, माणूस ठणठणीत आहे. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. मग पुस्तिका काढली आणि बोट ठेवलं. मी म्हटलं, "वाचू नका, पाठ आहे मला." ते म्हणाले, "बाई, सही तुमच्या साहेबांची, सर्टिफिकेट खरं. आम्ही ते नाव बाहेरच्या टीमलाही कळवलंय. आता देव आला तरी नाव लागत नाही." चांगला माणूस होता. पाणी प्यायला दिलं. मी पाणी पिऊन घरी आले.

त्या तीन दिवसांत मी भावाला सांगू शकले असते. साहेबांना सांगू शकले असते. रोज सकाळी ठरवायचे आणि डबे भरायला लागायचे.

मॅचच्या दिवशी भाऊ हट्टाने मला बरोबर घेऊन गेला. आई घरी देवाजवळ बसली होती. आत जायच्या दाराशी एक अधिकारी यादी घेऊन उभा होता. एकेक नाव विचारायचा, फोटो बघायचा, आत सोडायचा. दोस्त आत गेला. भावाने नाव सांगितलं. अधिकाऱ्याने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. "तुमचं नाव काढलंय. आजारी म्हणून." भाऊ हसला, त्याला गंमत वाटली. मग साहेब आले. त्यांना पत्र दाखवलं गेलं, खाली त्यांची सही. साहेबांनी सही बघितली, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं त्यांना. पण मी वाचल्याशिवाय सही करतो, असं चारचौघांत कुठला साहेब सांगेल? त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या तब्येतीसाठीच केलं."

भावाने तो हात झटकला.

आम्ही दोघं बाकड्यावर बसून मॅच पाहिली. दोस्त गोलमध्ये असा खेळला की बघतच राहावं. काय काय अडवलं त्याने! सहा वर्षं बाकावर बसलेला माणूस, कुठून आणलं होतं कोण जाणे. एकच गोल झाला, तोही शेवटाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भाऊ मांडीवर बूट घेऊन बसला होता. म्हणाला, "ह्यानेच साहेबाचे कान भरले. माझ्यासमोर हळू हळू बॉल टाकत होता बघ, आणि तिकडे जाऊन हे." मग माझा हात धरला आणि म्हणाला, "बरं झालं ताई, तू तरी बरोबर आहेस."

तेव्हा मला वाटलं. इतके महिने काही वाटत नव्हतं ते सगळं एकदम आलं, तोंड उघडलं. मग त्याच्या मांडीवरचे बूट घेतले आणि पिशवीत भरले. टाळ्या चालू होत्या.

दोस्त त्या आठवड्यात तीनदा आमच्या दाराशी आला. तिन्ही वेळा भाऊ आत भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि दार मी उघडलं. दोनदा मी म्हटलं, तो घरी नाही. दोन खोल्या सोडून राहणाऱ्याला कळत नसेल का? तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी नाही केलं गं. मला त्या दिवशी मैदानाच्या दाराशीच कळलं, आईशप्पथ. तुझं ऐकेल तो. तू सांग ना त्याला."

मी म्हटलं, "सांगते."

तो पुढे नोकरीला गल्फमध्ये गेला आणि तिकडेच, कुठल्याशा आजाराने, चाळिशीच्या आत वारला. बातमी आली तेव्हा भाऊ पेपर वाचत होता. पेपर न हलवता म्हणाला, "असो." भावाची तब्येत आजही उत्तम आहे, दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. मी अजून सांगितलेलं नाही.