शेवटाआधी उठणारे मामा

संभाजीनगरात गाण्याचे आणि जुन्या सिनेमांचे शौकीन पायलीला पन्नास मिळतील, पण गाणं ऐकून ज्याचं वजन घटतं असा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. लोक मैफलीला जातात ते दोन घटका जिवाला बरं वाटावं म्हणून. माझ्या बायकोचे हे मामा जातात मैफल सुखरूप पार पाडायला. गवई, तबलजी, माईकवाला आणि डोक्यावरचा पंखा या सगळ्यांची जबाबदारी आपल्यावरच आहे अशा चेहऱ्यानं ते खुर्चीच्या कडेला टेकतात. पाठ टेकून गाणं ऐकणारे मामा मी आजवर पाहिलेले नाहीत. झब्ब्याच्या एका खिशात टॉर्च असते, लाईट गेली तर म्हणून, आणि दुसऱ्यात ज्येष्ठमध. तो स्वतःसाठी नाही, गवयासाठी. एकदा एक गवई नुसता खाकरला, तर मामांनी ज्येष्ठमधाची पुडी पुढच्या रांगेत दिली आणि वर पोचवायला सांगितली. पुडी रांगेरांगेतून पुढं गेली, वाटेत ज्याला त्याला आपलाही घसा आठवला, आणि गवयाच्या हाती रिकामा कागद पडला. त्या भल्या माणसानं तो कपाळाला लावला. "पोचलं बाबा एकदाचं," म्हणत मामांनी घाम पुसला.

पण खरी कसोटी तानेची. गवयानं तान घेतली की मामा श्वास धरतात, आणि ती संपेपर्यंत सोडत नाहीत. आता गवयानं जन्मभर दम कमावलेला, मामांनी जन्मभर तहसिलीत कारकुनी केलेली. दोघांचं कसं जमायचं? मामांचे कान लाल व्हायला लागले की शेजारच्या मामी समोरची नजर न हलवता त्यांच्या कोपराला बोटानं टोचतात आणि हळूच म्हणतात, "अहो, श्वास घ्या." खुलताबादला उरसात कव्वाली ऐकायला गेलो तेव्हा मात्र मामी जरा लांब, बायकांत बसल्या होत्या. कव्वाल रंगात येऊन गुडघ्यांवर सरकत सरकत मंचाच्या पार कडेला आला. झालं, मामा उठले आणि तो पडलाच तर झेलावा म्हणून खाली दोन्ही हात पसरून, डोळे वर लावून उभे राहिले. "जगा देव मियाँ, चाचा को हाल आया," कुणीतरी म्हणालं. यांना भक्तीची तंद्री लागली असं समजून लोकांनी मोठ्या अदबीनं त्यांच्याभोवती जागा केली. परतीच्या वाटेवर मामा एवढंच म्हणाले, "लई काठावर बसतात हो ही माणसं."

या साऱ्या फिकिरीचं मूळ त्यांच्या गावी, पिशोरला आहे. मामा लहान असताना तिथं जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. नायक तुटक्या दोरपुलाला लटकलेला, खाली नदी, आणि नेमकं तेव्हाच रीळ जळालं. दुसऱ्या दिवशी तंबू ट्रकमध्ये भरून निघूनही गेला. "जावईबापू, तो गडी वर आला का खाली गेला, मला आजपावतो कळलं नाय," हे मामा मला दर दिवाळीला सांगतात, आणि दर दिवाळीला त्यांचा आवाज कापतो. तेव्हापासून त्यांनी कुठल्याच सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. सिनेमाचं वेड मात्र भयंकर. त्यावर नवराबायकोनं तोडगा काढला होता. मामांची खुर्ची नेहमी दाराजवळची. पडद्यामागं व्हायोलिनं रडायला लागली की मामा उठून बाहेर टपरीवर जायचे, आणि मामी शेवटपर्यंत बसून, मग बाहेर येऊन त्यांना शेवट सांगायच्या.

क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी जुने सिनेमे दाखवतात, तिथं मी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. नायक नायिकेच्या मांडीवर गेला, ती वेडी झाली, म्हातारी आई तर आधीच गेली होती. अख्खा हॉल मुसमुसत होता. मामींनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि बाहेर येऊन सांगितलं, "डॉक्टर वेळेवर आला. लग्न झालं, आता दोघं नाशिकला असतात."

"आणि म्हातारी?"

"त्यांच्यातच."

"मला वाटलंच," म्हणत मामांनी समाधानानं पान लावायला सांगितलं. त्यांनी न पाहिलेल्या सिनेमांतली किती जोडपी मामींनी नाशिकला नेऊन बसवली होती, कुणास ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. परक्या गवयाच्या घशासाठी घर डोक्यावर घेणारे मामा त्या आठवड्यात अवाक्षर बोलले नाहीत, आणि आम्ही खरे घाबरलो ते त्यानंच. आत नेण्याआधी मामींनी मला जवळ बोलावलं. "त्यांना इथं दाराशी बसवू नका. खाली टपरीवर जाऊ दे. झालं की तुम्ही जाऊन सांगा."

"काय सांगू?" मी विचारलं.

"मी सांगते तसंच," त्या म्हणाल्या, आणि स्ट्रेचर आत गेलं.

तासन्‌तास मी त्या बंद दारासमोर येरझाऱ्या घालत होतो. वाईट काही झालं तर मामींसारखा गोड शेवट घेऊन खाली कसं जायचं, हेच डोक्यात घोळत होतं. शेवटी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, उत्तम झालं. मी जिने धावतच उतरलो. मामा टपरीपाशी उभे होते, हातातला चहा तसाच.

"मामा, झालं. सगळं नीट झालं. मामी ठीक आहेत."

मामांनी वाकून माझे डोळे निरखले. "नाशिकला असतात का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातला कलंडता कप सरळ केला.

"मला काय कळत नव्हतं का, जावईबापू? लोकं डोळे पुसतच बाहेर यायची की. पण ती सांगायची, मी ऐकायचो. लई बरं वाटायचं. आज मात्र खरं सांगा."

आता आली का पंचाईत. मी शपथा घेतल्या, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, पण मी जितकं हसून सांगावं तितका त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी चहा ठेवून दिला. "चला. मी सोता बघतो."

लिफ्ट अडकेल म्हणून आम्ही जिन्यानं गेलो. संध्याकाळी मामींना शुद्ध आल्यावर मामांना आत सोडलं. मी दारात होतो. मामा पलंगाशी उभे राहून मामींच्या छातीकडं टक लावून बघत होते, ती वर होतेय की नाही ते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मामींचे डोळे मिटलेलेच होते. चादरीखालून त्यांचा हात जरासा सरकला आणि एक बोट मामांच्या कोपराला लागलं.

"अहो," त्या पुटपुटल्या, "श्वास घ्या."

मामा तिथंच लहान पोरासारखे रडले.

आता मामींना फारसं बाहेर पडवत नाही. रविवारी दोघं घरीच टीव्हीवर जुना सिनेमा लावतात. पण मामी लवकर दमतात. शेवट यायच्या आधीच त्यांचा डोळा लागतो. परवा मी गेलो तेव्हा टीव्हीवर व्हायोलिनं सुरू झाली होती. सवयीनं मामा उठले, गॅलरीच्या दारापर्यंत गेले, झोपलेल्या मामींकडं पाहिलं आणि परत येऊन बसले. आवाज बारीक केला. पडद्यावर नायिका गेली, चिता पेटली, आणि मामांनी ते सगळं पाहिलं.

जरा वेळानं मामींना जाग आली. "काय झालं हो शेवटी?"

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "काय व्हायचंय," ते म्हणाले. "नाशिकला हायत दोघं."