हातात देणारी माणसं

समोरच्या माणसाचा हात खिशाकडे निघालाय की नुसताच कंबर खाजवायला चाललाय, हे मावशींना वीस पावलांवरून कळायचं. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बाळंतिणींच्या वॉर्डात चौतीस वर्षं आया म्हणून राबलं की ती आपसूक अंगात मुरते. मावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण मोठ्या डॉक्टरांपासून रात्रपाळीच्या नर्सपर्यंत सगळे तेच म्हणत, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

पगारही तसा पत्रकापुरताच होता. घर चालायचं ते बक्षिसीवर. बाळ न्हाऊमाखू घालून, कापडात गुंडाळून बापाच्या हातात द्यायचं, पण एकदम नाही द्यायचं. घटकाभर आपल्याच हातांत धरून "कान अगदी तुमच्यावर गेलेत" म्हणायचं. मग बापाचा एक हात बाळाकडे येतो आणि दुसरा खिशाकडे जातो. कान कोणावर का गेले असेनात. मावशींनी तोंडानं कधी पैसे मागितले नाहीत. "खुशीनं द्या," एवढंच म्हणायच्या. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या बापापुढून मात्र दुप्पट घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. आणि ज्या खोलीतलं बाळ दगावलं असेल, तिथली फरशी त्या न सांगता दोनदा पुसायच्या आणि मान खाली घालून निघून यायच्या.

या पैशांवर त्यांचा एकुलता एक मुलगा शिकला, पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत चिकटला आणि बघता बघता साहेब झाला. यंदा त्यानं इतके पंप विकले, की कंपनीनं खूश होऊन त्याला बायको आणि आईसकट सात दिवसांच्या क्रूझवर धाडलं. मोठे साहेब आणि ऑफिसातली आणखी आठ-दहा कुटुंबं सोबत होतीच. ऑफिसात त्यानं सांगून ठेवलं होतं, की आई हॉस्पिटलच्या प्रशासनात होती. मावशींना हे सुनेकडून कळलं. बादली, फडकं आणि फिनेल यांचं प्रशासन त्यांनी केलंच होतं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण वाईट वाटलं. वाटणारच.

जहाजावर मुलाच्या खोलीला लागूनच मावशींची लहानशी खोली होती. दोन्ही खोल्यांचं खातं एकच, मुलाच्या नावावर. खोल्या आवरायला एक पन्नाशीचा माणूस होता. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत, आणि टॉवेलला घड्या घालून कधी ससा, कधी हत्ती करून पलंगावर बसवून जायचा. पहिल्या दिवशी मावशींनी पहाटेच उठून आपला पलंग आपणच आवरला, बेसिन घासलं आणि कचऱ्याची टोपली दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा तो दारात हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, माझं काम तुम्हीच केलंत तर मला ठेवतील कशाला?"

"मॅडम नाही, मावशी म्हणा," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मग रोजचा परिपाठच झाला. तो आवरायचा आणि मावशी बसून बघायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दुसरा चादर बदलतोय आणि आपण नुसतं बसलोय, हे सुख त्यांना जरा जडच गेलं. म्हणून त्या अधूनमधून चुका काढत. "दादा, कोपरा ढिला राहिला. आमची मेट्रन ओढून बघायची." दादा हसून कोपरा पुन्हा घालायचे. एका पेशातली दोन माणसं भेटली, की ओळख वाढायला वेळ लागत नाही.

पाचव्या दिवशी जेवताना मुलानं मोबाइलवर बिल उघडलं आणि त्याचा घास अडकला. माणशी रोजचा सेवा आकार लावलेला होता. खोल्या आवरणारे, वाढणारे, खाली भांडी धुणारे, सगळ्यांत तो वाटला जायचा.

"ही शुद्ध लूट आहे," मुलगा म्हणाला. तो तिसऱ्यांदा गोड आणायला निघाला होता, तो परत बसला. "काउंटरवर जाऊन सांगितलं की काढून टाकतात. मोठे साहेबही काढणार आहेत. आपण काय ते हातात देऊ. हातात दिलं, की माणसाला माणूस भेटतो."

मावशींना भरून आलं. पोरगं कितीही साहेब झालं तरी शेवटी आपल्याच पोटचं, असं त्यांना वाटलं. जेवण होताच मुलानं काउंटरवर जाऊन सही करून आकार काढून टाकला.

सहाव्या दिवशी सकाळी सून रंगीत पेनं घेऊन पाकीट सजवत बसली होती. त्यावर तीन बदाम काढले होते आणि मधोमध लिहिलं होतं, 'तुमच्या प्रेमळ सेवेबद्दल मनःपूर्वक आभार'. आत तिनं मोजून पाच चॉकलेटं घातली. ही चॉकलेटं मावशींनी ओळखली. दादाच रोज संध्याकाळी उशीवर एकेक ठेवून जायचे, आणि सूनबाई वजन कमी करत असल्यामुळे ती शिल्लक राहिली होती.

"आणि पैसे?" मावशींनी विचारलं.

"आई, पैसे देऊन माणसाचा अपमान होतो, असं हे म्हणतात."

चौतीस वर्षांत आपला किती वेळा अपमान झाला, याचा मावशींनी मनातल्या मनात हिशोब मांडून पाहिला. तो फार मोठा निघाला. त्या उठून आपल्या खोलीत आल्या.

मुलगा देत नसेल तर आपण देऊ, असं त्यांनी ठरवलं. कंबरेच्या पिशवीतून नोटा काढल्या, चार घड्या घातल्या आणि दादा आरसा पुसत होते तेव्हा हळूच त्यांच्या मुठीत सरकवल्या. घेणाऱ्याला लाज वाटू नये असं कसं द्यायचं, हे घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. दादांनी नोटा कपाळाला लावल्या. पण खिशात टाकण्याऐवजी त्यांनी दाराशी लावलेल्या सामानाच्या ढकलगाडीवरचं एक तपकिरी पाकीट घेतलं, नोटा आत घातल्या आणि वर खोलीचा नंबर लिहिला.

"हे काय करताय?"

"खोलीचा आकार काढलाय ना, मावशी. आमच्याकडे यादी येते. यादीतल्या खोलीनं हातात काही दिलं, तर ते ऑफिसात जमा करायचं. सगळ्यांत वाटतात."

"मग करा की जमा. चांगलंच आहे."

"हो," दादा म्हणाले आणि पुन्हा आरसा पुसायला लागले. स्वच्छ आरसा जो माणूस दुसऱ्यांदा पुसतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं. मावशी खुर्चीतून हलल्या नाहीत.

"आणखी काय आहे?"

दादांनी फडकं खाली ठेवलं. "एका फेरीत पाच खोल्यांनी आकार काढला, की त्या माणसाला पुढच्या करारात खाली धुलाईत पाठवतात. पाहुणे पैसे काढतात म्हणजे सेवेत खोट असणार, असं वरच्यांचं म्हणणं."

"आमची खोली कितवी?"

"तुमच्या दोन्ही धरून पाच."

"धुलाईत कसं असतं?"

"गरम असतं. खिडकी नाही. मी दोन वर्षं होतो तिथं, तेव्हापासून या कानानं कमी ऐकू येतं." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "साहेबांना बोलू नका हं, मावशी. तक्रार केली असं व्हायचं. आणि आता बारा वाजता बिलं बंदही होतील."

मावशींनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुलगा डेकवर आडवा पडला होता. मावशींनी दादांचं नाव न काढता विषय काढला. आकार परत लाव म्हणाल्या, जमेल तेवढं आर्जव केलं.

"आई, तुला सिस्टिम कळत नाही. तू यात पडू नकोस," मुलगा डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता म्हणाला. "एकदा असं द्यायला लागलं, की त्या लोकांची सवय बिघडते."

मावशींचीही सवय चौतीस वर्षं बिघडतच गेली होती, आणि त्या बिघडलेल्या सवयीवरच हा समोरचा साहेब पोसला होता. त्यांना राग आला. असा राग त्यांना मुलावर कधी आला नव्हता.

"माझ्याबरोबर काउंटरवर चल," त्या म्हणाल्या. "सहीचं काम आहे."

किल्लीचं कार्ड हरवलं असेल, असं समजून मुलगा कुरकुरत उठला.

काउंटरपुढे ही मोठी रांग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं होतं, त्यामुळे माणुसकीला नुसतं उधाण आलं होतं. कुणी म्हणत होतं, आम्हाला यंत्रावर विश्वास नाही, आम्ही प्रेमानं हातात देतो. कुणी म्हणत होतं, खरं काम करणाऱ्याच्याच हातात पडावं एवढंच वाटतं. एक गृहस्थ तर भांडी धुणाऱ्यांना स्वतः खाली जाऊन भेटणार होते. खाली जायचा जिना कुठे आहे, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाचं ऐकून हसायची आणि आकार काढून टाकायची. रांगेत मोठे साहेबही होते, सपत्नीक.

मावशींनी मुलाचा हात धरला आणि रांग सोडून थेट पुढे गेल्या. वॉर्डात गर्दी फोडायची सवय होतीच.

"आमच्या खोल्यांचा आकार चुकून काढला गेलाय," त्या म्हणाल्या. "तो परत लावायचाय."

"खातेदाराची सही लागेल," मुलगी म्हणाली.

मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "आई, इथे नको. आपण देणार आहोत ना हातात."

"काय देणार आहेस? चॉकलेटं?"

"आई, मोठे साहेब मागे उभे आहेत."

"मग त्यांनाही ऐकू दे." मावशींनी आवाज लावला. वॉर्डाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाच्या नर्सला हाक मारायचा तो आवाज होता. "मी प्रशासनात नव्हते. मी आया होते, बाळंतिणींच्या वॉर्डात. लोकांची बाळं धुतली, त्यांची घाण काढली, आणि लोक हातावर ठेवतील त्यात याला शिकवलं. याच्या शाळेचे बूटही त्यातलेच. कुणी म्हटलं असतं, बाईची सवय बिघडेल, तर हा आज इथं नसता. कर सही."

मुलाचे कान लाल झाले. त्यानं पेन घेतलं आणि सही केली. मागे मोठ्या साहेबांनी घसा साफ केला आणि उद्याचा नाश्ता किती वाजता, एवढंच विचारायचं होतं असं म्हणून ते बायकोला घेऊन बाजूला झाले. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा जणांना नाश्त्याची वेळ विचारायची होती. भांडी धुणाऱ्यांना भेटणारे गृहस्थ तेवढे रांगेत टिकून राहिले.

आता मुलगा आपल्याशी बोलायचा नाही, असं मावशींनी गृहीत धरलं होतं. दुपारच्या जेवणाला त्या खालमानेनं गेल्या. बघतात तर काय, मोठ्या साहेबांच्या टेबलावर मुलगा मधोमध बसला होता आणि मोठ्या साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"माझी आई आया होती," मुलगा सांगत होता. "मला अभिमान आहे. म्हणून मी आज मुद्दाम सगळ्यांसमोर तिला काउंटरवर नेलं. म्हटलं, आपण द्यायलाच हवं. आपण कुठून आलो हे माणसानं विसरू नये."

मोठे साहेब डोळे टिपून म्हणाले, की पुढच्या विक्री मेळाव्यात ही गोष्ट स्टेजवरून सांगायलाच हवी. चहाच्या वेळेपर्यंत ती चार टेबलांवर सांगून झाली. चौथ्या टेबलापर्यंत मुलाच्या लहानपणातले बूट फाटलेले निघाले आणि मावशी दोन वॉर्डांत काम करू लागल्या. मावशींनी चहा घेतला नाही. खोलीत येऊन बसल्या.

दादा शेवटचे टॉवेल ठेवायला आले. चेहरा उजळलेला होता.

"नवी यादी आली, मावशी. आता तीनच खोल्या." त्यांनी ते तपकिरी पाकीट काढलं आणि आतल्या नोटा मावशींना दाखवून खिशात घातल्या. "साहेब मघाशी भेटले. म्हणाले, त्यांनी स्वतःहून परत लावला. तुमच्या कष्टांची जाण ठेवून."

दादांचा चेहरा अगदी गंभीर होता. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे मावशींना कळलं. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं असणार. ते फक्त मावशी काय म्हणतात त्याची वाट बघत होते.

"हो," मावशी म्हणाल्या. "मनाचा फार मोठा आहे हो तो. पहिल्यापासूनच."

"ते दिसतंच, मावशी," दादा म्हणाले. त्यांनी पलंगाचा कोपरा नीट ओढून घेतला, मान लववली आणि दार लोटून गेले.

दार लागलं आणि मावशींना रडू आलं. कवडी हातातून सुटत नसलेल्या किती बापांना त्यांनी तोंड भरून हेच ऐकवलं होतं, मनाचा मोठा आहे म्हणून. पण ते सगळे परके होते.